जुळलेली बोटे सोडवताना : रक्तवाहिन्यांची तपासणी केव्हा आणि कशासाठी?

वस्तीत बाळंतीण घरी आली की पाहायला येणाऱ्या बाया बाळाची मूठ हळूच उघडून बोटे मोजतात. एखाद्या बाळाची दोन बोटे एकमेकांना चिकटलेली निघतात, बहुधा मधले बोट आणि अनामिका. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, ग्रहणात आईने विळी हातात धरली असेल. कोणी म्हणते, पोर नशीबवान आहे, बोटांना हात लावू नका. कोणी म्हणते, मोठे झाल्यावर आपोआप सुटतील. दवाखान्यात गेलेल्या आईबापांपुढे तर आणखी वेगळा प्रश्न येतो. एक डॉक्टर नुसता एक्स-रे पाहून ऑपरेशनचे वय सांगतात, दुसरे म्हणतात, आधी रक्तवाहिन्यांची तपासणी करून या. खरे कोणाचे धरायचे? तपासणीत पैसा घालायचा का? आणि न केली तर पोराचे बोट जाईल का?

या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही हाच प्रश्न घेतला आहे. बोट वाचणे आणि बोट जाणे यांतला फरक रक्तपुरवठ्याचा असतो. म्हणून ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला नीट कळली पाहिजे.

ग्रहणाचा संबंध नाही

पोटातल्या गर्भाचा हात सुरुवातीला चपट्या उलथन्यासारखा असतो. बोटे वेगळी नसतात. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात बोटांच्या मधल्या पेशी आपोआप मरून जातात आणि बोटे मोकळी होतात. एखाद्या ठिकाणी हे काम अर्धवट राहिले की तिथली बोटे जुळलेली राहतात. डॉक्टर याला सिंडॅक्टिली म्हणतात. साधारण दोन ते तीन हजार जन्मांमागे एका बाळात ही गोष्ट आढळते. मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसते, आणि बऱ्याच बाळांच्या दोन्ही हातांत असते.

काही घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. आजोबांच्या पायाची बोटे जुळलेली होती, बापाच्या हाताची आहेत, आता नातवाची, असे होते. अनेक बाळांच्या घरात मात्र आधी कोणालाच काही नसते. आईने ग्रहणात भाजी चिरली, सुई धरली किंवा बाहेर पडली म्हणून हे झाले, असे म्हणायला काडीचाही आधार नाही. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे आपण धम्मात शिकतो. ते इथेही लावायचे आणि कारण शोधायचे. सुनेच्या माथी दोष मारून बाळाचे बोट सुटत नाही, फक्त दवाखान्यात जायला उशीर होतो. आणि ही बोटे वयाबरोबर आपोआप सुटत नाहीत, हेही पक्के लक्षात ठेवावे.

सगळी जुळलेली बोटे सारखी नसतात

काही बाळांत फक्त कातडीचा पडदा असतो. तो कधी अर्ध्यापर्यंत, कधी नखापर्यंत जातो. हा साधा प्रकार. काहींत आतली हाडेही जोडलेली असतात आणि कधी दोन बोटांचे नख एकच असते. हा अवघड प्रकार. कधी मध्येच जास्तीचे बोट दडलेले असते. कधी तीन-चार बोटे एकत्र असतात. अ‍ॅपर्ट सिंड्रोम नावाच्या दुर्मिळ विकारात तर सगळी बोटे एकत्र येऊन हात पळीसारखा दिसतो आणि सोबत कवटीच्या वाढीतही दोष असतो. पोलंड सिंड्रोममध्ये त्याच बाजूचा छातीचा स्नायू नसतो किंवा कमी असतो. म्हणून चांगला डॉक्टर नुसता हात पाहून थांबत नाही. तो बाळाचे कपडे काढून छाती, पाय, डोके, टाळू सगळे पाहतो. ते पाहू द्यावे, त्यात संकोच नको.

बोटाला रक्त कुठून येते?

हे समजायला आपल्या गल्लीतल्या नळाच्या लाइनचा विचार करा. प्रत्येक बोट म्हणजे एक घर. घराच्या दोन्ही बाजूंनी एकेक पाइप येतो. म्हणजे प्रत्येक बोटाला दोन धमन्या असतात, एक या कडेने आणि एक त्या कडेने. एक बंद पडली तरी दुसरीवर बोट जगते. दोन्ही बंद पडल्या तर बोट काळे पडते.

हे पाइप येतात कुठून? तळहातातून एक मोठी वाहिनी दोन बोटांच्या मधल्या बेचक्याकडे येते आणि तिथे तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा या बोटाला जातो, दुसरा शेजारच्या बोटाला. बोटे जुळलेली असतात तेव्हा हा फाटा कधी कधी नेहमीच्या जागी न फुटता पुढे, बोटांच्या टोकाकडे फुटलेला असतो. सर्जनला बेचके खोल करायचे असते, आणि नेमका मध्ये हा फाटा आडवा येतो. तेव्हा एका बोटाकडे जाणारी शाखा बांधून कापावी लागू शकते. त्या बोटाच्या दुसऱ्या बाजूची धमनी शाबूत असेल तर काही बिघडत नाही.

आता तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी तीन बोटे जुळलेली आहेत असे धरा. मधले बोट दोन्ही बाजूंनी अडकलेले आहे. एकाच वेळी दोन्ही बाजू सोडवल्या आणि दोन्ही बाजूंची धमनी दुखावली, तर त्या बोटाला रक्तच उरणार नाही. म्हणून सर्जन एका बोटाची एकच बाजू एका वेळी सोडवतात. दुसरी बाजू काही महिन्यांनी करतात. पालकांना वाटते, डॉक्टर फेऱ्या मारायला लावतात, एकदाच सगळे का उरकत नाहीत? फेऱ्या खर्चाच्या असतात, रोजगार बुडतो, हे आम्हाला माहीत आहे. पण ही फेरी बोट वाचवण्यासाठी आहे.

रक्तवाहिन्या कशा पाहतात?

तपासणीच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी डॉक्टरचे डोळे आणि हात. बोटाचा रंग, ऊब, नखाखालची लाली, प्रत्येक सांधा हलतो की नाही, हे पाहून बरेच कळते. दुसरी पायरी एक्स-रे. तो जवळपास प्रत्येक बाळाचा काढतात, कारण हाडे जुळलेली आहेत का, जास्तीचे हाड आहे का, हे त्यात दिसते. एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या मात्र दिसत नाहीत.

तिसरी पायरी डॉप्लर. ही सोनोग्राफीचीच बहीण. आवाजाच्या लहरींनी रक्त कुठून वाहते ते कळते. एक पेनसारखे छोटे यंत्र असते, त्यातून धमनीचा सूं-सूं आवाज ऐकू येतो. दुसरे मोठे मशीन पडद्यावर रंगात प्रवाह दाखवते. सुई नाही, किरण नाही, भूल नाही. बाळ आईच्या मांडीवर असतानाही ही तपासणी होऊ शकते. पण बोटातली धमनी फार बारीक असते. त्यामुळे मशीन चांगले आणि तपासणारा हात सरावाचा असावा लागतो.

चौथी पायरी अँजिओग्राफी. सीटी अँजिओग्राफीत शिरेतून औषध सोडून पटकन फोटो काढतात. रक्तवाहिन्या आणि हाडे एकत्र, सगळ्या बाजूंनी दिसतात. पण बाळाला क्ष-किरण लागतात, औषधाची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते औषध जपून द्यावे लागते. एमआर अँजिओग्राफीत क्ष-किरण नसतात. पण मशीनचा आवाज मोठा, वेळ जास्त, आणि लहान मूल हालचाल न करता पडून राहत नाही, म्हणून बहुधा झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते. जांघेतून बारीक नळी घालून करायची जुनी अँजिओग्राफी लहान मुलांत या कामासाठी आता क्वचितच करतात, कारण नळीने त्या पायाच्या रक्तवाहिनीलाही इजा होऊ शकते.

रक्तवाहिन्यांचा पहिला एक्स-रे फोटो हाताचाच होता, हे वाचकांना ठाऊक नसेल. १८९५ च्या अखेरीस रॉंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेंथाल यांनी शरीरापासून वेगळ्या केलेल्या एका हाताच्या रक्तवाहिन्यांत खडूसारखे मिश्रण भरून फोटो काढला. त्याला जवळपास तासभर लागला होता. आज तेच काम जिवंत बाळाच्या हातावर काही क्षणांत होते. पण होते म्हणून प्रत्येकाचे करायचे, असे नाही.

मग अँजिओग्राफी कोणाला लागते?

दोनच बोटे, फक्त कातडीने जुळलेली, बाकी हात चांगला, अशा साध्या प्रकारात बहुतेक सर्जन तपासणी आणि एक्स-रे एवढ्यावर ऑपरेशन करतात. ऑपरेशनच्या वेळी दंडाला पट्टा बांधून हातातले रक्त थोडा वेळ थांबवलेले असते. मोठे दिसणारा चष्मा लावून सर्जन प्रत्येक धमनी डोळ्यांनी पाहतो आणि सांभाळतो. म्हणून अशा बाळाला अँजिओग्राफी न सांगणारा डॉक्टर निष्काळजी नसतो.

काही हातांत मात्र आधी नकाशा हवा असतो. हाडे एकमेकांत गुंतलेली आहेत, मध्ये जास्तीचे बोट आहे, तीन-चार बोटे एकत्र आहेत, अ‍ॅपर्टसारखा विकार आहे, गर्भातच दोऱ्यासारखा पट्टा आवळून बोटाला खाच पडली आहे, बोट जन्मतःच बारीक आणि थंड आहे, किंवा आधी कुठे ऑपरेशन होऊन गेले आहे आणि त्यात काय बांधले याचा कागद नाही. अशा वेळी एखाद्या बोटाला मुळात एकच धमनी असू शकते. ती आधी कळली तर सर्जन ऑपरेशनचा क्रम बदलतो, कधी एखादे बेचके जाणूनबुजून कमी खोल ठेवतो, आणि कधी दोन बोटे जुळलेलीच राहू देणे बरे असेही सांगतो. हे सांगणेही इलाजच आहे. दोन बोटे वेगळी करून एक काळे पडण्यापेक्षा दोन्ही मिळून काम करणारी बरी.

तपासणी लिहून दिली की डॉक्टरांना सरळ विचारावे : "साहेब, या फोटोमुळे ऑपरेशनमध्ये काय बदल होईल?" नीट उत्तर मिळाले तर तपासणी जरूर करावी. उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

नकाशा घरातही असतो

आम्हाला सगळ्यांत जास्त सांगावेसे वाटते ते हे. पहिल्या ऑपरेशनमध्ये सर्जनने कोणती धमनी बांधली, कोणती राखली, हे ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेले असते. पुढच्या ऑपरेशनला हा कागद कोणत्याही महागड्या स्कॅनइतकाच मोलाचा असतो. पण वस्तीतले आपले जगणे असे की, घर बदलते, पावसात पत्रा गळतो, कामासाठी पुण्याला जावे लागते, आणि कागद हरवतात. नवा डॉक्टर विचारतो, आधी काय केले? आपण म्हणतो, बोट सोडवले. एवढ्यावर त्याला काहीच कळत नाही, आणि मग बाळाला परत भूल, परत स्कॅन.

म्हणून सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्डावर "ऑपरेशनची पूर्ण नोंद आणि कोणती रक्तवाहिनी बांधली ते लिहून द्या" असे म्हणावे. मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवावा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि जन्मदाखल्याबरोबर ठेवावा.

वय कोणते?

अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी जुळलेली असतील तर लवकर, साधारण सहा महिने ते एक वर्षाच्या आसपास सोडवतात. कारण या बोटांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोट आखूड बोटाबरोबर ओढून वाकडे होते. मधली बोटे असतील तर दीड-दोन वर्षांपर्यंत थांबता येते. शाळेत जायच्या आत काम पुरे झाले म्हणजे पेन्सिल धरायला अडचण येत नाही. मूल जन्मल्यावर लगेच दाखवायचे, ऑपरेशन मात्र योग्य वयात. दाखवायला उशीर करू नये.

"दिसायचे तर आहे, चालतेय की" असे म्हणून काही घरे थांबतात. पण आपली मुले पुढे हातानेच कमावणार आहेत, मग ते लूम असो, शिलाई असो, संगणक असो की ऑपरेशन थिएटर. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या हातांवर आयुष्यभर काम केले. प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांचा चेहरा सजवणे, ही समजूत अशा कामाने खोटी ठरली. हाताची सर्जरी ही कष्टकऱ्याच्या गरजेची सर्जरी आहे.

सोलापुरात सुरुवात कुठून करायची?

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर मुले तपासायला येतात. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला बाळाचा हात दाखवून नाव नोंदवावे आणि पुढची चिठ्ठी मागावी.

नाहीतर सरळ सिव्हिलला, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात केसपेपर काढून बालरोग विभागात दाखवावे. अवघड हात असेल तर पुण्याच्या ससूनला किंवा मुंबईच्या जे. जे., केईएमला पाठवले जाऊ शकते. तेव्हा चिठ्ठी, एक्स-रे आणि सगळे कागद सोबत न्यावेत.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावाने २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचे टेबल असते. पैसे भरण्याआधी त्याच्याकडे जावे. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला दाखवून दोन गोष्टी विचाराव्यात : हे ऑपरेशन इथे योजनेत बसते का, आणि सांगितलेला स्कॅन त्यातच धरला आहे का? अडचण आली तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

सोडवलेल्या दोन बोटांना झाकायला जुनी कातडी पुरत नाही. म्हणून बहुधा जांघेतून थोडी कातडी घेऊन लावतात. ती जागा टाक्यांनी बंद करतात. चीर सरळ न घेता नागमोडी घेतात, कारण सरळ व्रण आकसून बोट वाकवतो. लावलेली कातडी थोडी गडद दिसते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

भुलीआधी उपाशी ठेवण्याची वेळ डॉक्टर सांगतात. साधारणपणे वरचे दूध आणि जेवण सहा तास, अंगावरचे दूध चार तास, साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. आजीने माया करून बिस्कीट भरवले तर भुलीत उलटी श्वासनळीत जाऊ शकते. खोकला, ताप असेल तर लपवू नये. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बाळाजवळ बंद करावी, कारण धुराने भुलीत श्वासाचा त्रास वाढतो.

ऑपरेशननंतर हात मोठ्या पट्टीत किंवा प्लॅस्टरमध्ये असतो आणि बोटांची टोके दिसतील असे बहुधा ठेवतात. हात उशीवर उंच ठेवावा. पहिले दोन दिवस दर थोड्या वेळाने टोके पाहावीत. नख हलके दाबले की पांढरे होते आणि सोडले की दोनएक सेकंदांत परत गुलाबी होते, हे चांगले लक्षण. आपल्या सावळ्या मुलांत रंग कातडीवर नव्हे, नखाखाली पाहावा. टोक पांढरे किंवा निळे-काळे पडले, थंड लागले, सूज वाढत गेली, औषध देऊनही रडे थांबेना, पट्टी रक्ताने भिजली किंवा वास येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री असली तरी दवाखाना गाठावा. घरी पट्टी सोडू नये, हळद, तेल, अंगारा काही लावू नये.

दोन-तीन आठवड्यांनी पट्टी निघते. पुढे व्रणाची मालिश, बोटांचे व्यायाम आणि तपासणीच्या फेऱ्या असतात. मूल वाढते तसे बेचके थोडे वर सरकू शकते आणि काही मुलांना मोठेपणी परत छोटे ऑपरेशन लागते. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून दाखवत राहावे, आणि प्रत्येक वेळी ती कागदांची पिशवी सोबत न्यावी.

आपल्या गल्लीत, विहारात, महिला मंडळात असे एखादे बाळ असेल तर त्याच्या आईला हे पान वाचून दाखवा आणि पहिल्या फेरीला तिच्यासोबत कोणीतरी जा. एकटी आई दवाखान्यात प्रश्न विचारायला कचरते. सोबत कोणी असले की विचारते.